येतं सगळं, पेपरात मात्र सुचत नाही

घरी धडाधड उत्तरे सांगणारी मुले पेपर हातात पडताच गप्प होतात. अशा मुलाला ‘आणखी वाच’ सांगून भागत नाही. वाचताना सारे ओळखीचे वाटते. आठवून लिहिणे ही वेगळी सवय आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली दाखवून दिले, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. म्हणून धडा झाला की पुस्तक मिटायला लावा, कोरा कागद द्या. राहिलेले मग पुस्तकात पाहू द्या.

दुसरी अडचण वेळेची. दहावीचा गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. तपासायला २० मिनिटे ठेवली तर एका गुणाला अडीच मिनिटे येतात, तीन गुणांच्या प्रश्नाला साडेसात. उदाहरण अडले तर जागा सोडून पुढे जावे. उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांना गुण असतात. आठवड्यातून एकदा, फज्रनंतर, घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्या.

मेहनत करूनही वाचन फार मंद असेल, अक्षरांची अदलाबदल होत असेल, तर मुलाला आळशी म्हणू नका. तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असल्यास बोर्ड जादा वेळ देते. त्यासाठी शाळेत आधीच भेटा.

आणि अम्मी-अब्बांनो, पेपरच्या सकाळी खालाच्या मुलाचे टक्के तेवढे काढू नका.