निळ्या बाईचं गाव कुठलं?

मैत्रिणींनो, 'तुमचं गाव कुठलं?' असं कुणी विचारलं, की माहेरचं सांगावं का सासरचं, असा प्रश्न आपल्याला पडतोच. चित्रकार सिओना बेंजामिन यांची चित्रं याच प्रश्नाभोवती फिरतात.

सिओना मुंबईत वाढल्या, जे. जे.मध्ये शिकल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. शाळा ख्रिस्ती आणि पारशी, आजूबाजूला हिंदू-मुसलमान. मग आपण नेमक्या कोण? त्यांच्या चित्रांतली बाई निळ्या रंगाची असते. निळा म्हणजे आभाळाचा आणि समुद्राचा रंग. तो सगळीकडचा, पण कुठल्याच एका गावचा नाही. शिवाय आपल्याला तो कृष्णाचीही आठवण करून देतोच! एका चित्रात तर या बाईचे हातच मेनोराच्या, म्हणजे ज्यूंच्या सात फांद्यांच्या समईच्या, फांद्या झालेत.

या समाजाची कथा अशी, की शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली. ती तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं दिवेकर, किहीमकर, पेणकर. बोली मराठी. शुभकार्यात गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळांचा मलिदा!

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि पुढच्या काळात बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. इथे राहिली थोडी घरं, सिनेगॉग आणि कपाटातले जुने फोटो.

२०११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर सिओना भारतात आल्या. इथल्या ज्यू माणसांना भेटल्या, त्यांच्या हकिगती ऐकल्या, फोटो काढले. मग त्या फोटोंवर रंग आणि सोन्याचा वर्ख चढवून चित्रं केली. एरवी सोनं देवादिकांच्या चित्रांना लागतं. इथे ते साध्यासुध्या माणसांच्या चेहऱ्यांभोवती लागलं. नंतर त्या इस्रायलमध्ये गेलेल्या भारतीय ज्यूंनाही भेटल्या.

समाज पांगला, की आधी काय हरवतं? फोटोतल्या माणसांची नावं. मलिद्याचं ताट कसं मांडायचं, हे हातांना ठाऊक असतं; पण ते हातच उरले नाहीत, तर कोण सांगणार?

आपल्या घरीही ट्रंकेत असा एखादा फोटो असेलच ना? आजेसासूबाईंना आजच विचारा, 'ही कोण हो?' आणि मागे पेन्सिलीने नाव लिहून ठेवा.