‘पृथ्वीसदृश’ म्हणजे काय?

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांविषयी लिहिताना इंग्रजीत ‘अर्थ-लाइक’ हे विशेषण सढळपणे वापरले जाते. वस्तुतः ‘अर्थ-साइझ्ड’ हा शब्द केवळ आकार सांगतो. ‘सुपर-अर्थ’ म्हणजे श्रेष्ठ पृथ्वी नव्हे, तर पृथ्वीहून जड, पण नेपच्यूनहून हलका ग्रह. ‘हॅबिटेबल झोन’ म्हणजे ताऱ्यापासूनचा असा पट्टा, जेथे ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. ते आहेच, असे नव्हे. २०१५ साली जाहीर झालेल्या केप्लर-४५२बी या ग्रहाला पृथ्वीचा ‘कझिन’ म्हटले गेले. त्याचा व्यास मात्र पृथ्वीच्या सुमारे १.६ पट. उलट शुक्राचा व्यास पृथ्वीच्या ९५ टक्के. परंतु पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस! तेव्हा विद्यार्थ्यांपुढे ‘पृथ्वीसदृश’ हा शब्द ठेवण्यापूर्वी साम्य नेमके कशात, हे सांगणे अगत्याचे आहे.