पाटीवरचं नाव कोणाचं?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच भाचा घरी आला. काखेत प्लास्टिकची फाइल आणि चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्यासारखा आनंद. पाठोपाठ त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण. ती मात्र गप्प होती.

बहिणीची बेळगावात खानावळ आहे. भावजींनी १९७९ साली स्वतःच्या आईच्या नावाने ती काढली. झुणका, भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक, एवढंच ताट. भावजी गेल्यावर मायलेकांनी ती सांभाळली. पाटीवर वर कन्नडात आणि खाली मराठीत त्या माउलीचं नाव आहे. आता हुबळीच्या एका व्यावसायिकाला त्याच नावाने हुबळी-धारवाडला शाखा काढायच्या होत्या. फाइलमध्ये होता तो त्याच कराराचा मसुदा.

"मामा, नुसतं नाव द्यायचं आणि रोक्क मोजून घ्यायचं," भाचा म्हणाला. "मॅकडोनाल्डचं बघा की! एका हॉटेलातून जगभर गेलं."

"अण्णा, तू बँकेत जन्मभर कागद वाचलेस," बहीण म्हणाली. "एवढा एक वाच."

कागद ठेवून घेतला. पण भाच्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मॅकडोनाल्ड हे नाव आपण नातवंडांच्या तोंडून रोज ऐकतो, पण तो मॅकडोनाल्ड कोण, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मग दोन आठवडे मिळेल ते वाचून काढलं. जे हाती आलं ते भाच्याला सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो.

दोन भाऊ आणि एक टेनिस कोर्ट

मॅकडोनाल्ड एक नव्हे, दोन होते. थोरला मॉरिस, त्याला सगळे मॅक म्हणत. धाकटा रिचर्ड, म्हणजे डिक. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू हॅम्पशायर राज्यातले. वडील बुटाच्या कारखान्यात कामाला होते आणि ती नोकरीही पुढे गेली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस पोरं नशीब काढायला कॅलिफोर्नियात गेली. सिनेमाच्या स्टुडिओत सेट हलवायची हमाली केली, मग एक थिएटर चालवून पाहिलं. मंदीत तेही बसलं. १९३७ साली खाण्याचा छोटा ठेला टाकला आणि १९४० साली सॅन बर्नार्डिनो गावात मोठं हॉटेल काढलं.

त्या काळी तिकडे गाडीतच बसून खायची पद्धत होती. गिऱ्हाइकाने गाडी उभी करायची, पोरी येऊन ऑर्डर घ्यायच्या आणि ताट गाडीच्या खिडकीशी आणून द्यायच्या. धंदा उत्तम होता. पण ताटं-चमचे फुटायचे, चोरीला जायचे, आणि पोरींभोवती टवाळ पोरांचा गराडा पडायचा. बायका-मुलांना घेऊन यायला माणसं बिचकायची.

भावांनी हिशेबाच्या वह्या काढून पाहिल्या. विक्रीचा बहुतेक भाग एकट्या हॅम्बर्गरचा, म्हणजे गोमांसाच्या खिम्याची चपटी टिक्की घातलेल्या पावाचा, होता. १९४८ साली त्यांनी चालतं हॉटेल जवळजवळ तीन महिने बंद ठेवलं. पंचवीस पदार्थांतले नऊच ठेवले. वाढणाऱ्या पोरी गेल्या, काचेची-चिनी मातीची भांडी गेली, आली कागदी पुडकी आणि कागदी पेले. गिऱ्हाइकाने खिडकीपाशी यायचं, पैसे द्यायचे आणि पुडकं घेऊन जायचं. बर्गरची किंमत १५ सेंट, इतर ठिकाणच्या निम्मी.

मला सगळ्यात आवडली ती टेनिस कोर्टाची हकीकत. नवं स्वयंपाकघर कसं असावं हे ठरवायला भावांनी घरच्या टेनिस कोर्टावर खडूने त्याचा आराखडा आखला. इथे तवा, इथे पाव, इथे कागद गुंडाळायची जागा. रात्री हॉटेलातल्या पोरांना त्यावर उभं करून खोटाखोटा स्वयंपाक करायला लावला. कोण कोणाला आडवा येतो, कोणाचे पाय जास्त चालतात, ते बघून रेषा पुन्हा मारल्या. मग पाऊस आला आणि सगळा खडू वाहून गेला! पुन्हा आखलं. एकाने फक्त टिक्क्या भाजायच्या, एकाने फक्त पावावर कांदा-काकडीचं लोणचं घालायचं, एकाने फक्त बांधायचं. मोटारीच्या कारखान्यातली कामाची वाटणी त्यांनी चुलीपाशी आणली.

सुरुवातीला जुनी गिऱ्हाइकं गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिली आणि पोरी कुठे गेल्या म्हणून चिडून निघून गेली. पण काही महिन्यांत मजूर, फिरस्ते आणि मुलंबाळं घेऊन कुटुंबं यायला लागली. खिडकीपुढे रांगा लागल्या.

१९५३ साली फिनिक्स शहरातल्या एकाने ही पद्धत वापरायचा परवाना त्यांच्याकडून विकत घेतला. त्याने सांगितलं की मी नावही मॅकडोनाल्डच ठेवणार. भावांना आश्चर्य वाटलं. फिनिक्समध्ये आमचं नाव कोण ओळखतं? कशाला ठेवतोस? आपल्या नावाची किंमत त्या दोघांना तोवर कळलेली नव्हती. पण ती कळणारा माणूस लवकरच दारात येणार होता.

मिक्सर विकणारा माणूस

रे क्रॉक शिकागोकडचा, वय ५२. मिल्क शेक घुसळायचे पाच दांड्यांचे मिक्सर विकत तो देशभर फिरत असे. इतर हॉटेलं एक-दोन मिक्सर घ्यायची, आणि या भावांनी आठ घेतले होते. एका वेळी चाळीस शेक लागतात तरी कुठे, हे बघायला तो १९५४ साली सॅन बर्नार्डिनोला गेला, दुपारची रांग पाहिली आणि तिथेच अडकला. देशभर परवाने विकायचं काम त्याने भावांकडून मागून घेतलं.

करार असा होता. शाखा घेणाऱ्याने विक्रीच्या १.९ टक्के द्यायचे. त्यातला अर्धा टक्का भावांना, उरलेले १.४ टक्के क्रॉकला. शिवाय इमारतीत किंवा पद्धतीत काहीही बदल करायचा तर भावांची रजिस्टर पत्राने लेखी संमती हवी. १५ एप्रिल १९५५ला शिकागोजवळ डेस प्लेन्स इथे क्रॉकने आपली पहिली शाखा उघडली. तिकडे बर्फ पडतो, भट्टी ठेवायला तळघर लागतंच. भाऊ फोनवर "कर की" म्हणाले, पण पत्र काही आलं नाही. म्हणजे पहिल्याच इमारतीत क्रॉक कराराच्या बाहेर गेला. इथे मी भाच्याला थांबवून म्हटलं, "फोनवरचा होकार लक्षात ठेव. तो पुढे पुन्हा येणार आहे."

क्रॉकने कष्ट केले हे नाकारता येणार नाही. स्वच्छतेचं त्याला वेडच होतं. टिक्की किती वजनाची, बटाटा किती वेळ तळायचा, फरशी कधी पुसायची, सगळं लिहून काढलं. १९६१ साली शाखा चालवणाऱ्यांना शिकवण्यासाठी त्याने ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ही काढली. भाऊ आपल्या गावात सुखी होते. हा माणूस सुखी बसणाऱ्यांतला नव्हता.

धंदा बर्गरचा, कमाई भाड्याची

तरीही १.४ टक्क्यांत क्रॉकचं भागेना. वाट दाखवली त्याच्या हॅरी सॉनबॉर्न नावाच्या सहकाऱ्याने. १९५६ साली त्यांनी वेगळी कंपनी काढली. ती जागा दीर्घ मुदतीने भाड्याने घ्यायची, पुढे विकतही घ्यायची, आणि तीच जागा शाखा चालवणाऱ्याला जास्त भाड्याने द्यायची. मग विक्रीतला वाटा तर मिळायचाच, वर भाडंही. आणि नियम मोडला तर दुकानदाराला जागा सोडावी लागणार. आजही या कंपनीच्या जगभरातल्या दुकानांपैकी सुमारे ९५ टक्के दुसरेच लोक चालवतात. भाडं हा तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे.

आणखी एक गंमत सांगतो. कंपनीचे गाजलेले कित्येक पदार्थ मुख्य कचेरीत नव्हे, शाखा चालवणाऱ्यांच्या हातून जन्मले. सिनसिनाटीच्या लू ग्रोएनची बहुतेक गिऱ्हाइकं कॅथलिक, शुक्रवारी मांस न खाणारी. म्हणून १९६२ साली त्याने माशाचा बर्गर काढला. क्रॉकने त्याच्याविरुद्ध अननसाचा बर्गर उभा केला, तो सपशेल पडला. प्रसिद्ध ‘बिग मॅक’ १९६७ साली पेनसिल्व्हेनियाच्या जिम डेलिगॅटीने आणला. गिऱ्हाइकाच्या उपासाचे वार गल्ल्यावर बसणाऱ्यालाच कळतात, हे आपल्याकडे संकष्टीला साबुदाण्याची खिचडी ठेवणाऱ्यांना सांगायला नको.

सत्तावीस लाख डॉलर

क्रॉकला आता भावांच्या परवानग्या नको होत्या. त्याने विचारलं, सगळं विकायचं काय घेता? भाऊ म्हणाले, २७ लाख डॉलर; कर भरून दोघांच्या हाती प्रत्येकी दहा लाख उरावेत. १९६१ साली क्रॉकने कर्ज काढून रक्कम मोजली. व्यवहार पूर्ण होता होता त्याला कळलं की सॅन बर्नार्डिनोचं मूळ हॉटेल यात नाही. ते भावांनी आपल्याजवळच ठेवलं होतं. तो भयंकर संतापला.

हॉटेल भावांकडे राहिलं खरं, पण नाव विकलं गेलं होतं. स्वतःच्या हॉटेलवर स्वतःचं आडनाव लावायचा अधिकार त्यांना उरला नाही. पाटी उतरवावी लागली आणि ‘बिग एम’ असं नवं नाव द्यावं लागलं. एवढ्यावर भागलं नाही. क्रॉकने जवळच नवं मॅकडोनाल्ड उघडलं. काही वर्षांतच मूळ हॉटेल बंद पडलं.

भावांच्या नातेवाइकांचं म्हणणं असं की अर्धा टक्का पुढेही मिळत राहील असं हात मिळवून तोंडी ठरलं होतं. कागदावर मात्र तसं काही नव्हतं. १९७१ साली मॅक वारला. डिक १९९८पर्यंत जगला आणि आपल्याला पश्चात्ताप नाही असंच सांगत राहिला. १९८४ साली क्रॉक वारल्यावर त्याच वर्षी कंपनीने समारंभाने पन्नास अब्जावा बर्गर डिकच्या हाती दिला. ज्याचं नाव, त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं! या भावांची कहाणी सामान्य माणसापर्यंत पोचली ती ‘द फाउंडर’ या २०१६च्या चित्रपटातून.

आपल्या दारात

भारतात पहिलं दुकान १९९६ साली दिल्लीच्या वसंत विहारमध्ये उघडलं, त्याच वर्षी मुंबईतही. इथे गोमांस नाही, डुकराचं मांस नाही. बिग मॅकच्या जागी मटणाचा, नंतर चिकनचा महाराजा मॅक आला. बटाट्याची टिक्की आली. शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघरात वेगळी बाजू आणि वेगळी भांडी ठेवली. सोवळं-ओवळं म्हणजे काय ते शिकागोवाल्यांना शिकावं लागलं. पश्चिम आणि दक्षिण भारताची जबाबदारी घेणारे अमित जटिया स्वतःच शाकाहारी.

तरी एक ठेच लागलीच. अमेरिकेत १९९० साली कंपनीने तळणीतून गाईची चरबी काढून वनस्पती तेल आणल्याचं जाहीर केलं होतं. तिथले आपले शाकाहारी लोक बटाट्याच्या फोडी निर्धास्त खात होते. २००१ साली उघड झालं की चवीसाठी गोमांसाचा अर्क वापरला जातोच. खटला झाला, मुंबईत दुकानांची मोडतोड झाली. भारतातल्या फोडींत तसं काही नाही, असा खुलासा कंपनीने केला. २००२ साली अमेरिकेतल्या खटल्यात माफी मागून तिने एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

उत्तर भारतातले भागीदार विक्रम बक्षी आणि कंपनी यांचं २०१३ साली बिनसलं. २०१७ साली १६९ दुकानांचा परवाना कंपनीने रद्द केला आणि २०१९ साली तडजोड होऊन बक्षी बाहेर पडले. नाव ज्याचं, पाटी लावायची की उतरवायची हे ठरवणाराही तोच.

हेसर आणि रोक्क

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे नाव द्यायचंच नाही काय?"

मी तसं म्हटलं नव्हतं. क्रॉक आला नसता तर त्या भावांचं नाव सॅन बर्नार्डिनोबाहेर कोणाला कळलं असतं? चाळीस हजारांवर दुकानांच्या पाट्यांवर ते आज आहे, ते क्रॉकमुळेच. पण परवाना देणं वेगळं आणि नाव विकणं वेगळं. नाव भाड्याने देता येतं, जसं घर देता येतं.

मग आम्ही तिघांनी मसुदा उघडला. सातव्या कलमात ‘नावाचे सर्व हक्क कायमचे’ असे शब्द होते. मी पेन्सिलीने खूण केली. भाचा म्हणाला, "मामा, ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलंय. बेळगावच्या पाटीला हात लावणार नाही, असं ते फोनवर म्हणालेत." आणि बोलता बोलता स्वतःच थांबला.

बहीण इतका वेळ शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "अण्णा, त्या भावांनी पाटी उतरवली तेव्हा त्यांची आई होती काय रे?"

मला सांगता आलं नाही.

शेजारचे पाटीलकाका तेवढ्यात डोकावले. गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. ते कन्नडात एवढंच म्हणाले, "रोक्क बरतद, होगतद. हेसर उळीबेकरी." पैसा येतो, जातो. नाव राहिलं पाहिजे.

मसुदा दुरुस्तीला परत गेला आहे. नाव पाच वर्षांच्या परवान्याने द्यायचं, मालकी बहिणीकडे, बेळगावची पाटी कराराबाहेर, चटणीचा मसाला इथूनच जायचा, आणि फोनवर जे जे बोललं गेलं ते सगळं कागदावर. हुबळीचे गृहस्थ हो म्हणतात की नाही, ते अजून कळायचं आहे. नाही म्हणाले तर शाखा होणार नाही आणि भाचा थोडे दिवस माझ्यावर रुसेल. परवा जेवायला गेलो होतो तेव्हा तो स्टुलावर चढून पाटी पुसत होता.