हिरवा टँक, लाल कोळंबी: 'कमी मेहनत' म्हणजे नक्की काय?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना येणारे 'म्हणजे बघा' आणि 'ॲक्च्युअली' कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबांची बायपास अचानक ठरली. फोन आला आणि तासाभरात मी पुण्यातला फ्लॅट बंद करून निघालो. पाचव्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेलो असताना एकदम आठवलं, अरे, टँक! किल्ली कोणाकडेच नव्हती. परतलो तो 16 दिवसांनी. त्या टँकचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्याच्या दीड वर्ष आधीची चूक सांगायला हवी.

पहिल्या 12 जणी

चेरी श्रिम्प म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, आयुष्य साधारण एक ते दोन वर्षं. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे आईची पहिली प्रतिक्रिया: "अरे, कोळंबी पाळायची कसली? आणि एवढीशी? आमटीलासुद्धा पुरणार नाही!"

मी टँक आणला, पाणी भरलं, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले, दोन दिवस थांबलो आणि 12 श्रिम्प सोडल्या. आठवड्यात नऊ मेल्या. उरलेल्या तीन पुढच्या आठवड्यात. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून कळेचना काय चुकलं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर टाकलं होतं. फक्त इथे रोलबॅक नसतो.

स्वच्छ पाणी आणि तयार पाणी

कोळंबीची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेलं पान, या सगळ्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दिसत नाही, पण विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्या मानाने बरंच सौम्य असतं आणि वनस्पती ते खत म्हणून वापरतात. वनस्पती अमोनियासुद्धा थेट शोषतात, म्हणून हिरवागार टँक जास्त माफ करतो.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर, पानांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये ती नसतेच. माझ्या 12 श्रिम्प त्या रिकाम्या घरात गेल्या होत्या.

म्हणून दुसऱ्यांदा मी सहा आठवडे काहीच सोडलं नाही. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पाण्याला जेवू घालतोस होय?" खरं तर हो, जिवाणूंनाच जेवू घालत होतो. थेंबांच्या टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडंसं दिसायला लागलं, तेव्हाच पुढे गेलो.

माझा सेटअप

टँक दोन फुटी: 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटर. तळाला इंचभर साधी माती, तिच्यावर इंचभर बारीक खडी. डायना वॉलस्टॅड यांच्या 1999च्या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर पोचली. माती झाडांना खाऊ घालते, झाडं पाणी साफ ठेवतात. एक इशारा मात्र देतो: नर्सरीतली तयार 'पॉटिंग मिक्स' घेऊ नका. आपल्याकडे तिच्यात बहुतेक वेळा निंबोळी पेंड किंवा शेणखत असतं. निंबोळी पेंड कीड मारायला असते, आणि कोळंबी ही किड्यांचीच लांबची नातेवाईक. खत न घातलेली माती मागा.

झाडं चिवट घेतली: व्हॅलिसनेरिया मातीत, जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधून (त्यांचं खोड मातीत पुरलं तर कुजतं), आणि भरपूर जावा मॉस. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर नाही. वर मनी प्लांटची फांदी, फक्त मुळं पाण्यात. नायट्रेट शोषायला यासारखा स्वस्त कामगार नाही. लाइट टायमरवर, रोज सहा-सात तास. जास्त लाइट म्हणजे जास्त शेवाळ.

फिल्टर म्हणजे एअर पंपावर चालणारा स्पंज. मोठ्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. मासे एकही नाही, कारण तोंडात मावेल ते पिल्लू मासा खातोच. शिवाय सोसायटीतल्या देशी बदामाच्या झाडाचं एक वाळलेलं तपकिरी पान, धुऊन. त्यावर जी बुळबुळीत जिवाणूंची साय धरते, ती श्रिम्प दिवसभर खरवडत बसतात. फवारणी होत असलेल्या झाडाचं पान मात्र नको.

कोळंबी मारायचे सोपे मार्ग

एक, घाई. त्यावर बोललोच. नवीन श्रिम्पसुद्धा थेट ओतू नका. पिशवीतल्या पाण्यात बारीक नळीने टँकचं पाणी थेंबथेंब सोडत तास-दीड तास घ्या.

दोन, कीटकनाशक. घरात पेस्ट कंट्रोल असेल, तर त्यातली पायरेथ्रॉइड औषधं कोळंबीला अत्यंत घातक असतात. डासांच्या लिक्विड मशीनमध्येही तोच गट असतो. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लक्षात ठेवा. माझ्याकडे त्या खोलीत मशीन लावत नाही, खिडकीला जाळी आहे.

तीन, तांबं. माशांच्या बऱ्याच औषधांत ते असतं. गीझरचं पाणीही टाळा.

चार, एकदम निम्मं पाणी बदलणं. कोळंबी वाढताना कात टाकते. पाण्याचे गुण अचानक बदलले तर कात अर्धवट निघते आणि ती मरते. टाकलेली पारदर्शक कात दिसली तर काढू नका. ती मेलेली श्रिम्प नाही, आणि त्यातलं कॅल्शियम मिळवायला त्या ती परत खातात.

पाच, स्पंज नळाखाली धुणं. क्लोरीनने जिवाणूंची वस्तीच जाते. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

आणि एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांच्या वर जायला लागलं तर वरून छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी भरताना आरओचं भरा, कारण क्षार उडत नाहीत, मागेच राहतात.

आता आठवड्याला किती वेळ जातो?

साधारण 15 मिनिटं. दहा टक्के पाणी बदलायचं, काच पुसायची, पिवळी पानं कापायची. खाणं आठवड्यातून दोनदा, तेही दोन तासांत संपेल एवढंच. 'कमी मेहनत' याचा अर्थ मेहनतच नाही असा नव्हे. ती सगळी सुरुवातीच्या सहा आठवड्यांत, न दिसणाऱ्या वस्तीची वाट बघण्यात गेलेली असते.

तर ते 16 दिवस. रात्री साडेअकराला दार उघडलं आणि बॅग न ठेवताच टॉर्च मारला. पाणी दोन बोटं उतरलेलं, समोरची काच हिरवी, व्हॅलिसनेरियाची काही पानं सडलेली. आणि त्या हिरव्या काचेवर श्रिम्प चरत होत्या. शेवाळ हेच त्यांचं जेवण झालं होतं. एका मादीच्या पोटाखाली अंडी होती. ती साधारण महिनाभर तिथेच सांभाळते, आणि मग आईबापासारखीच दिसणारी इवलीशी पिल्लं बाहेर येतात.

बाबांना फोटो पाठवला. ते आता रोज सकाळी फोनवर आधी श्रिम्पची चौकशी करतात, मग माझी.

जाता जाता एक विनंती. संख्या वाढली तर ओळखीत वाटा, पण नदी-तलावात सोडू नका. ही आपल्याकडची जात नाही. टँक लावला असेल तर कितव्या आठवड्यात आहात ते नक्की कळवा. आणि अजून श्रिम्प आणल्या नसतील, तर थांबा थोडं. भेटू पुढच्या भागात!