छोट्यांचा डबा घरचाच बरा

जानेवारीत शाळा उघडल्या की आपली तीन-चार वर्षांची चिमुकली प्री-प्रायमरीत जाऊ लागतात, आणि रोज सकाळी मातांपुढे प्रश्न उभा राहतो : आज डब्यात काय द्यावे? घाईघाईत हात बिस्किटांच्या पुड्याकडे आणि गोड रसाच्या खोक्याकडे जातो. मूल खूश होते, आईचेही काम हलके होते. पण ही सोय पुढे महाग पडते.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कोकणातून या उसाच्या बेटावर आले. आज त्याच बेटावर साखर हा आरोग्याचा प्रश्न झाला आहे. २०१५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या सरकारी पाहणीत मॉरिशसमधील दर पाच प्रौढांपैकी सुमारे एकाला मधुमेह आढळला. सरकारने २००९ मध्ये नियम करून शाळांच्या कँटीनमध्ये शीतपेये विकण्यास मनाई केली; २०१३ मध्ये साखरेच्या पेयांवर कर बसवला. परंतु घरून येणाऱ्या डब्यावर लक्ष आपणच ठेवायचे असते. गोडाची चटक लहानपणीच लागते, आणि घरच्या चवीची ओढही लहानपणीच लागते.

डबा भरताना तीन गोष्टी आठवाव्यात : पोटाला आधार देणारे काही, अंग भरणारे काही, आणि एक भाजी किंवा फळ. प्यायला साधे पाणी. यासाठी दुकानातून महागडे काही आणावे लागत नाही.

सोमवारी छोट्या फराट्यात शेवग्याचा पाला, म्हणजे आपला ब्रेद मुरुम, परतून गुंडाळावा. मंगळवारी तळहाताएवढी दाळपुरी आणि मिरची न घातलेली शूशूची भाजी. बुधवारी उकडलेल्या रताळ्याच्या फोडी, सोबत उकडलेले अंडे. अंडे न खाणाऱ्यांनी पनीर द्यावे. गुरुवारी मूग डाळीचे मऊ धिरडे. शुक्रवारी किसलेले गाजर घातलेले कोकणी घावन. पाल्यात व डाळीत लोह असते. सोबत पेरूची किंवा पपईची फोड दिली तर तिच्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागण्यास मदत होते. चहाने मात्र उलट होते, म्हणून बाळाला चहाची सवय लावू नये.

जानेवारी ते मार्च हे आपल्याकडे उकाड्याचे दिवस. शिजवलेले अन्न उन्हाळी हवेत दोन तासांहून अधिक राहिले तर बिघडण्याचा धोका असतो. भात तर फारच लवकर नासतो. तेव्हा अन्न पूर्ण निववून मगच झाकण लावावे आणि डब्याशेजारी बर्फाची थंड पिशवी ठेवावी. ती सोय नसेल तर अंडे, पनीर आणि भात त्या दिवसांत टाळावेत.

लहान मुलांच्या घशात अन्न अडकण्याची भीती असते. अख्खी द्राक्षे, भाजलेले शेंगदाणे, कच्च्या गाजराच्या जाड चकत्या, बीसकट लीची डब्यात देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरावीत, लीचीतील बी काढावी. वर्गात कोणा मुलाला शेंगदाणा बाधतो का, हेही बाईंना विचारून घ्यावे.

डबा दिसायलाही हवासा वाटावा. फराट्याच्या छोट्या गुंडाळ्या, पपईचे चौकोनी तुकडे, मध्ये हिरवी भाजी. एवढ्या रंगांनी मूल लोभावते. झाकण त्याला स्वतः उघडता आले पाहिजे; हे घरी दोनतीनदा करून पाहावे. आदल्या संध्याकाळी 'उद्या पपई देऊ की केळे?' असे विचारले की निवड त्याची होते, आणि स्वतः निवडलेले मूल आवडीने खाते.

आणि डबा अर्धा परत आला तर? रागावू नये, खाण्यासाठी लालूचही दाखवू नये. नवा पदार्थ आपलासा व्हायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावा लागतो. पोट लहान, म्हणून वाढही लहानच असावी.

शेजारच्या मुलाच्या रंगीत पुड्याकडे पाहून आपले मूल 'मला घावन नको' म्हणेल. त्या दिवशी आईने हिरमुसू नये, पुड्यापुढे हारही मानू नये. रविवारी साऱ्या घराने एकत्र बसून तेच घावन चवीने खावे. आजी-आजोबा जे आवडीने खातात, ते नातवंडाला डब्यात परके वाटत नाही.