मुंबई की नागपूर? उतारवयातल्या मुक्कामाचा प्रश्न



संयोजकांनी आम्हाला 'निर्णयाचं तत्त्वज्ञान' असा भारदस्त विषय दिला होता. आम्ही तो थोडा खाली उतरवून घेतला आहे. म्हातारपणी राहायला मुंबई बरी की नागपूर, एवढाच आजचा प्रश्न. समोर साठीच्या पुढचे बरेच चेहरे दिसताहेत. ज्यांची मुलं भंडारा सोडून गेली, त्यांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

आमच्या घरी तो गेल्या पावसाळ्यात आला. ही अंगणात घसरून पडली, मनगटाचं हाड मोडलं. शेजारी धावून आले, सगळं नीट झालं. पण मुलांनी धरून ठेवलं, की आता दोघांनीच राहायचं नाही. मुलगा डोंबिवलीला, मुलगी नागपुरात मनीषनगरला. दोघंही 'या' म्हणतात. ज्यांना कुणीच 'या' म्हणत नाही त्यांच्यापेक्षा आम्ही भाग्यवान, हे आधीच सांगून टाकतो.

आता दोन्ही शहरं नीट मांडून पाहू. 2011 च्या जनगणनेत आपल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख होती. नागपूर शहराची 24 लाख, म्हणजे जिल्ह्याच्या दुप्पट. बृहन्मुंबईची सव्वाशे लाखांच्या घरात, म्हणजे दहापट. डोंबिवली तर त्या हिशेबातही नाही. ती ठाणे जिल्ह्यात येते. पण तिथल्या माणसाचा दिवस मुंबईच्या घड्याळावर चालतो. आपण भंडाऱ्याहून नागपूर गाठतो, साधारण तेवढ्या वेळात डोंबिवलीचा माणूस लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचतो. आपला तो प्रवास असतो. त्याचं ते रोजचं ऑफिसला जाणं.

नागपूर आपल्याला परकं नाही. 1956 पर्यंत ते जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. 1953 चा नागपूर करार झाला, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि राजधानीपण हिवाळी अधिवेशनापुरतं उरलं. तरी आपल्यासाठी मोठा दवाखाना, कोर्ट, विद्यापीठ, लग्नाचा बस्ता, सगळं नागपूरच. आपण नागपूरला गेलो नाही तरी नागपूर आपल्याकडे येतं: नाग नदीचं मैलं पाणी कन्हानमधून वैनगंगेत उतरतं, हे इथं कुणाला सांगायला नको.

आम्ही वहीत दोन रकाने केले. नागपूर: मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर, पण थंडी खरी थंडी. मेट्रो 2019 पासून सुरू आहे. रस्ते मोकळे, घरं ऐसपैस. सरकारी मेडिकल कॉलेज 1947 पासूनचं, आता एम्सही आहे. शेतावर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुंबई: उन्हाळा सौम्य, पण अंग चिकट, पाऊस नागपूरच्या दुपटीहून जास्त. घर दोन खोल्यांचं. उपचारांची सोय मोठी. कॅन्सर म्हटलं की आपल्याकडचा माणूस आजही परळचं टाटा हॉस्पिटल विचारतो. भंडारा मात्र लांब. वरठीला विदर्भ एक्सप्रेस पकडायची आणि रात्रभर नऊशे किलोमीटर जायचं.

रकाने भरले. आता बेरीज कशी करायची? ऐसपैस अंगणाचे किती गुण, आणि नातवाच्या सहवासाचे किती? धान पायलीनं मोजता येतं, दूध लिटरनं. पण पायलीतून लिटर वजा होत नाही. बेंथॅमला वाटायचं, सगळं सुख एकाच मापानं मोजता येईल. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं त्याची बाजू जोरात मांडली. वही समोर आली तेव्हा मात्र मापच सापडेना.

मग आम्ही म्हणालो, चला, दोन्ही सारखीच धरू, नाणं उडवू. इथं एक छान कसोटी आहे. रुथ चँग नावाच्या तत्त्वज्ञ बाई आहेत, ऑक्सफर्डला असतात. त्यांच्या लेखनात ती सापडते. तराजूची दोन्ही पारडी खरोखर सारखी असली, तर एका पारड्यात मूठभर तांदूळ टाकताच ते खाली जायला हवं. आमच्या बाबतीत ही मूठ आपोआप पडली. मुलाचा फोन आला: बाबा, बाल्कनीवालं घर मिळतंय, समोर झाड आहे. बाल्कनी नक्कीच चांगली. पण काटा हलला का? नाही. याचा अर्थ पारडी सारखी नव्हतीच. एक दुसऱ्याहून सरस नाही आणि दोन्ही समानही नाहीत, तरी दोन्ही एकमेकांच्या तोडीची, असंही एक नातं असू शकतं, असं चँगबाई म्हणतात. अशा ठिकाणी अजून माहिती गोळा करून काही होत नाही. आपण कशाच्या पाठीशी उभं राहणार, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

इथपर्यंत आलो आणि आम्ही जाहीर केलं, "आम्ही नागपूरला जाणार." कारणही तयार होतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, नगर एवढंच मोठं असावं की नागरिकांना एकमेकांचे स्वभाव ठाऊक असतील. नागपुरात आमचे जुने विद्यार्थी आहेत, बोली आपली आहे, चौकात कुणीतरी 'सर' म्हणून थांबतं.

ही म्हणाली, "तुम्ही 'आम्ही' म्हणता, त्याच्यात मी कुठं आहो?"

श्रोतेहो, आम्हाला 'आम्ही' म्हणायची सवय आहे. वर्गात लागली, भाषणात राहिली, घरातही शिरली. त्या सवयीत आम्ही एक साधी गोष्ट तपासलीच नव्हती, की तराजू धरणारे हात किती आहेत.

मग तिचा रकाना आम्ही तिला विचारून भरला. दोन वर्षांपूर्वी ती तीन महिने डोंबिवलीला राहिली होती. पहिल्या आठवड्यात सून सोबत गेली, नंतर ही एकटी लोकलनं दादरला जायला लागली. बायकांच्या डब्यात ओळखी झाल्या. कुणी भाजी निवडतंय, कुणी भजन म्हणतंय, त्यात ही बसायची. रात्री नऊला एकटी परत आली तरी कुणी विचारलं नाही. भंडाऱ्यात ती बेचाळीस वर्षं 'सरांच्या मिसेस' आहे. दुकानात गेली तरी सरांची चौकशी आधी. नागपुरातही तेच होणार, कारण ओळखीचे सगळे आमचे. "तिथं मला कोणी ओळखत नव्हतं," ती म्हणाली, "म्हणून मले बरं वाटलं."

पाहा, गोष्ट एकच: लोकांनी ओळखणं. आमच्या रकान्यात ती जमेला होती, तिच्या रकान्यात नावे. ॲरिस्टॉटलच्या नगरात नागरिक एकमेकांना ओळखत. पण त्या नागरिकांत बायका धरलेल्या नव्हत्या, हे आम्ही विद्यार्थ्यांना एका वाक्यात सांगून पुढे जात असू.

मुलांनी तोडगा काढला, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. हिनं तो मोडीत काढला: "दोन्हीकडे पाहुणेच राहू." बरोबर आहे. पाहुण्याला स्वतःचा डबा ठेवायची जागा नसते.

तेव्हा ठरलं आहे. दिवाळीनंतर डोंबिवली. सोपं नाही, हेही सांगतो. तिथं आम्हाला 'सर' म्हणणारं कुणी नसेल. शेत ठेक्यानं दिलं आहे. नागपूरची मुलगी थोडी रुसली आहे, तिचं रुसणं खोटं नाही. अर्धी पुस्तकं इथंच राहणार. पण नोकरीसाठी एकदा ही आमच्या मागं या गावी आली होती. तेव्हा तिला कुणी वही दिली नव्हती.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तर तीन गोष्टी करून पाहा. दोघांनी वेगवेगळ्या वह्या भराव्यात, एकमेकांच्या न बघता. दोन्ही ठिकाणी सुटीत नव्हे, एखाद्या रिकाम्या मंगळवारी राहून पाहावं. दुपारी तीन वाजता आपण काय करणार ते तेव्हाच कळतं. आणि जे सोडलं त्याचं नाव घेऊन सोडावं, 'तसंही ते काही खास नव्हतं' असं म्हणू नये. निवडलेलं शहर चांगलं वाटण्यासाठी सोडलेलं वाईट ठरवायची गरज नसते.

घराची किल्ली शेजाऱ्यांकडे राहील. उन्हाळ्यात धानाचा हिशेब करायला येऊ, तेव्हा भेट होईलच. एवढं बोलून आम्ही, म्हणजे या वेळी फक्त मी, आपली रजा घेतो.