अवधान न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार : स्वरूप, गैरसमज आणि महाविद्यालयीन अध्यापक

प्रस्तावना :
पनवेल-पळस्पे परिसरातील महाविद्यालयांत ग्रामीण, औद्योगिक व नागरी अशा भिन्न पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र शिकतात. त्यांपैकी एखादा विद्यार्थी तोंडी प्रश्नांना समर्पक उत्तरे देतो. परंतु प्रकल्प वेळेत देत नाही, परीक्षेचा अर्ज भरावयास विसरतो. 'हुशार आहे, पण आळशी आहे' असा शेरा त्याच्या वाट्याला येतो. अशा वर्तनामागे प्रत्येक वेळी विकारच असतो असे नव्हे. मात्र काहींच्या बाबतीत एडीएचडी, म्हणजेच अवधान न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार, हे त्याचे कारण असू शकते. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप व त्याविषयीचे गैरसमज यांचा विचार केला आहे.

स्वरूप :
हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. अवधान टिकविण्यातील अडचण, अतिक्रियाशीलता व आवेगशीलता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत अशा प्रकारच्या मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार लक्षणांचा आरंभ वयाच्या १२ वर्षांपूर्वी झालेला असावा लागतो. ती किमान दोन ठिकाणी, उदाहरणार्थ घरी व शाळेत, दिसावी लागतात आणि त्यांमुळे दैनंदिन कार्यात बाधा यावी लागते. केवळ चंचलता म्हणजे हा विकार नव्हे.

प्रमुख गैरसमज :
१) 'हा लहान मुलांचा विकार आहे.' वयानुसार धावपळ कमी होते. परंतु विसराळूपणा, दिरंगाई व वेळेच्या नियोजनातील अडचणी अनेकांमध्ये प्रौढपणीही राहतात. शाळेत पालक व शिक्षक यांचे नियंत्रण असते. महाविद्यालयात ते सैल होते आणि अडचण उघड होते. शांत बसणाऱ्या, परंतु लक्ष न लागणाऱ्या मुलींचे निदान बरेचदा राहूनच जाते.

२) 'पालकांच्या लाडाने किंवा साखरेने असे होते.' जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे. साखर हे त्याचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

३) 'क्रिकेटचा सामना तासन्‌तास पाहतो, मग विकार कसला?' येथे अवधानाचा संपूर्ण अभाव नसतो. नीरस पण आवश्यक कामाकडे अवधान वळविणे व तेथे टिकविणे कठीण जाते.

४) 'हा विकार व अध्ययन अक्षमता एकच.' 'तारे जमीन पर' (२००७) या चित्रपटाचा विषय वाचन-लेखनातील अक्षमता हा होता. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत आढळू शकतात, तथापि त्या भिन्न आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे केवळ हा विकार असलेल्या विद्यार्थ्याला अध्यापकाच्या समजूतदारपणावर अधिक अवलंबून राहावे लागते.

निष्कर्ष :
निदान हे मानसोपचारतज्ज्ञ व चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचे कार्य आहे. औषधोपचार व वर्तनोपचार यांनी लक्षणांवर पुष्कळ नियंत्रण मिळविता येते. औषधे मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. अध्यापकाने निदान करू नये, तसेच शेराही मारू नये. मोठ्या प्रकल्पाचे लहान टप्पे पाडणे, सूचना फळ्यावर लिहून देणे, मुदतीची आठवण करून देणे आणि समुपदेशन कक्षाकडे पाठविणे एवढे त्याला निश्चित करता येईल. या उपायांना फारसा खर्च येत नाही व त्यांचा लाभ संपूर्ण वर्गाला होतो. 'आळशी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा थांबणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.